गावरान आंबे घरीच माचात कसे पिकवायचे (नागपूरच्या उन्हाळ्यात)

मागच्या मे महिन्यात एका ठेल्यावरून दोन किलो आंबे आणले, पिवळेधमक, कुठेही हिरवा ठिपका नाही, घरी आणून कापले तर आत पांढरट आणि आंबट, आणि वास तर नाहीच. हे कार्बाइडचं काम. कॅल्शियम कार्बाइडच्या पुडीला ओलावा लागला की ॲसिटिलीन गॅस सुटतो, त्याने साल पिवळी पडते पण आतली गोडी तयार होत नाही, शिवाय त्या पावडरमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. आपल्याकडे फळं पिकवायला कार्बाइड वापरायला कायद्याने बंदी आहे, तरीही ते वापरलं जातं. म्हणून माझं सांगणं एकच, कच्चे पण पूर्ण भरलेले आंबे आणा आणि घरीच माच घाला, पश्चिमेकडे ज्याला अढी म्हणतात तेच.

आंबे निवडणं हेच खरं अर्धं काम आहे. एप्रिलमध्ये नागपूरच्या कळमना बाजारात बैगनफल्ली जातीचा आंबा भरपूर येतो, गावरान जरा उशिरा, त्यामुळे घाई करू नका. भरलेला आंबा ओळखायचा कसा, तर डेठाजवळचे खांदे वर आलेले आणि डेठ खड्ड्यात बसलेला दिसतो. ओळखीच्या शेतावरून आणत असाल तर विचारा की झाडाला पाड लागला का, म्हणजे एखादा आंबा झाडावरच पिकून पडला का, लागला असेल तरच उतरवलेले घ्या, आणि वादळाने पडलेले तर अजिबात नको, ते आतून ठेचलेले असतात, त्यांचा तक्कू, म्हणजे किसलेल्या कैरीचं तोंडीलावणं, करा. घरी आल्यावर बादलीभर पाण्यात सोडून बघा, बुडाला तो भरलेला, तरंगला तो कोवळा. कोवळे बाजूला काढा, पन्ह्याला होतात, ते कितीही दिवस माचात ठेवले तरी गोड होणार नाहीत.

मग धुऊन, पुसून, डेठ खाली करून सुती कापडावर दोन-तीन तास ठेवायचे म्हणजे चीक निथळतो. हा चीक ओठाला लागला की चट्टे उठतात, पोरांना आधी सांगून ठेवा.

माचाला भाताचं तणस लागतं, कोरडं, बुरशीचा वास नसलेलं. भंडारा-गोंदियाकडचं कोणी येत-जात असेल तर एक पोतं मागवून ठेवा. नसेल तर वर्तमानपत्रं चालतात. लाकडी पेटीत किंवा टोपलीत चार बोटं तणस, वर आंबे एकमेकांना न चिकटवता, परत तणस, परत आंबे, असे दोन-तीनच थर, त्याहून जास्त लावले की खालचे दबतात. मध्ये एक पिकलेला आंबा किंवा केळं ठेवा, पिकलेल्या फळातून इथिलीन निघतं आणि तेच बाकीच्यांना पिकवतं. वरून सुती चादर, बस.

आता इथे नागपूरची गोष्ट येते. आपल्याला वाटतं की ४५ डिग्रीत आंबे लवकर पिकतील. नाही पिकत हो. एका वर्षी आम्ही पेटी वरच्या मजल्यावर स्लॅबखाली ठेवली, आठव्या दिवशी उघडली तर साल हिरवीच आणि आत गर मऊ पडून आंबूस झालेला, पंधरा-वीस आंबे गेले, आईला फार वाईट वाटलं होतं. फार उष्णतेत पिकणं बिघडतं, त्यामुळे खालच्या मजल्यावर, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. पण कूलरच्या समोर नको, त्या ओल्या हवेने डेठाकडून काळे डाग पडतात आणि सडायला लागतात. आणि कच्चा आंबा फ्रिजमध्ये तर नाहीच, थंडी बसली की तो नंतर बाहेर काढूनही नीट पिकत नाही.

तिसऱ्या दिवसापासून रोज एकदा हात घालून बघायचं, एक सडका निघाला तर लगेच काढा. साधारण पाच ते आठ दिवस लागतात. खोलीत शिरताच वास आला म्हणजे पिकून राहिलेत, मग डेठाजवळ अंगठ्याने हलकं दाबून बघा. रंगावर जाऊ नका, कितीतरी गावरान आंबे शेवटपर्यंत हिरवेच दिसतात.

पिकलेले आंबे तासभर पाण्यात ठेवा, तळव्यात घोळवून मऊ करा, डेठाकडचे पहिले दोन-चार थेंब टाकून द्या आणि हातानेच पिळा, मिक्सर नको, रेशे तुटून रसात उतरतात. चिमूटभर मीठ, थोडी सुंठ, वरून तूप. साखर घालायची गरजच पडत नाही. सोबत वाफवलेले सरगुंडे, म्हणजे काडीवर गुंडाळून वाळवलेल्या त्या गव्हाच्या नळ्या, असतील तर काय विचारता. साल-कोयी धुतलेल्या पाण्याचा फजिता, म्हणजे आंब्याची कढी, होतो, ते पाणी सांडू नका.

आंब्यात क जीवनसत्त्व आहे, बीटा कॅरोटीन आहे जे शरीरात अ जीवनसत्त्व होतं, पण साखरही आहे, १०० ग्रॅम गरात जवळपास १४ ग्रॅम. शुगर असलेल्यांनी वाटीभर रसापेक्षा जेवणासोबत दोन फोडी खाव्या, आणि किती चालेल ते आपल्या डॉक्टरांना विचारून.

आणि कोयी लगेच लावा, वाळल्या की उगवत नाहीत. कोयीच्या झाडाला आईसारखंच फळ येईल असं नाही, पण रोप जोमदार येतं, आवडत्या झाडाची काडी आणून त्यावर कलम बांधता येतं. आमच्या अंगणात या वर्षी तीन कोंब आलेत, तांबडी पानं फुटली आहेत.