कोलोरॅडो नदीचा पाणीहिशोब टीएमसीत कसा मांडायचा

अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवरचा लेक मीड हा जलाशय आटल्याच्या बातमीसोबत खडकावरच्या पांढऱ्या पट्ट्याचा फोटो हटकून असतो. पण कोणत्या राज्याचं पाणी किती कापलं जाणार, हे त्या पट्ट्यावरून कळत नाही. ते आकड्यांवरून कळतं, आणि ते आकडे सगळ्यांना खुले आहेत. तिथली मोठी धरणं चालवणारं केंद्रीय खातं, ब्युरो ऑफ रेक्लमेशन, मीड (हूवर धरणामागचा) आणि त्याच्या वरच्या अंगाला असलेला पॉवेल (ग्लेन कॅनियन धरणामागचा) या दोन्ही जलाशयांची पातळी, साठा आणि विसर्ग नियमित जाहीर करतं. पावसाळ्यात कोयनेचा साठा बघायची सवय असलेल्याला हे वाचायला जड जाऊ नये.

आधी एककं जुळवून घ्यावीत. तिथे साठा एकर-फुटांत सांगतात, म्हणजे एक एकर जमिनीवर एक फूट उभं राहील एवढं पाणी. ते होतं ४३,५६० घनफूट. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणून दहा लाख एकर-फूट म्हणजे ४३.५६ टीएमसी, आणि हा एकच गुणक पाठ असला तरी बहुतेक काम भागतं. विसर्ग तिथेही क्युसेकमध्येच, म्हणजे सेकंदाला किती घनफूट असाच देतात. साधारण ११,५७५ क्युसेक विसर्ग चोवीस तास चालला की एक टीएमसी पाणी जातं.

आता हे वापरून नदीचा आवाका बघू. लेक मीड काठोकाठ भरला तर उपयुक्त साठा सुमारे २६० लाख एकर-फूट, म्हणजे ११३० टीएमसीच्या वर. कोयनेच्या १०५ टीएमसीने भागलं तर जवळजवळ अकरा कोयना. नदी मात्र धरणाच्या मानाने लहान आहे. २००० सालानंतरचा तिचा सरासरी नैसर्गिक प्रवाह वर्षाला सुमारे १२४ लाख एकर-फूट, म्हणजे ५४० टीएमसी. बच्छावत लवादाने कृष्णेच्या पाण्यात एकट्या महाराष्ट्राला दिलेला वाटा ५६० टीएमसी आहे. तेवढ्याही न भरणाऱ्या पाण्यावर अमेरिकेची सात राज्यं आणि मेक्सिको उभे आहेत.

वाटणीचे आकडे एकदाच कागदावर लिहून ठेवावेत, ते सारखे लागतात. १९२२ च्या करारात वरच्या खोऱ्याला (कोलोरॅडो, वायोमिंग, युटा, न्यू मेक्सिको) ७५ लाख आणि खालच्या खोऱ्याला (ॲरिझोना, कॅलिफोर्निया, नेवाडा) ७५ लाख एकर-फूट ठरले. १९४४ च्या तहाने मेक्सिकोला १५ लाख मिळाले. बेरीज १६५ लाख. खालच्या खोऱ्यातली विभागणी अशी: कॅलिफोर्निया ४४ लाख, ॲरिझोना २८ लाख, नेवाडा फक्त ३ लाख. १६५ वाटले आणि येतात १२४, यातच सगळं भांडण आलं. बच्छावत लवादाने कृष्णेसाठी निदान ७५ टक्के विश्वासार्हतेचा, म्हणजे चारांपैकी तीन वर्षं तरी मिळेल असा, २०६० टीएमसी आकडा धरून वाटप केलं होतं. कोलोरॅडोच्या करारामागे मोजकी, तीही भरपूर पाण्याची वर्षं होती. इशारे मिळाले नव्हते असं नाही. १८६९ मध्ये चार होड्या आणि दहा माणसं घेऊन ही नदी उतरलेल्या जॉन वेस्ली पॉवेलने १८९३ मध्येच सांगितलं होतं की या कोरड्या मुलखातल्या सगळ्या जमिनीला पुरेल इतकं पाणी नाही. कराराच्या काळात ई. सी. लारू या सरकारी जलतज्ज्ञानेही कमी प्रवाहाचे आकडे मांडले होते. ते सोयीचे नव्हते.

रोजच्या तक्त्यात पहिला आकडा दिसतो पातळीचा, आणि नवखा माणूस इथेच फसतो. ही पातळी समुद्रसपाटीपासून मोजलेली असते, पाण्याची खोली नव्हे. मीड भरला की साधारण १,२२० फूट. जुलै २०२२ मध्ये तो १,०४० फुटांपर्यंत उतरला. १,०४० भागिले १,२२० केलं तर ८५ टक्के येतात, प्रत्यक्षात साठा होता २७ टक्के. जलाशय वर रुंद आणि खाली अरुंद असल्यामुळे प्रत्येक फुटाची किंमतही वेगळी असते. काठोकाठ असताना एक फूट उतरला तर दीड लाख एकर-फुटांच्या वर पाणी जातं, १,०५० च्या आसपास तोच एक फूट ७५ ते ८० हजारांचा असतो. म्हणून ‘पातळी दोन फुटांनी वाढली’ अशी बातमी आली, की आधी ती कुठल्या उंचीवर वाढली ते बघावं.

टक्केवारीचंही एक गौडबंगाल आहे. उजनीचा साठा उन्हाळ्यात उणे टक्क्यांत जातो, कारण तिथला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा टक्केवारीत धरत नाहीत, पण गरज पडली की ते पाणी वापरतात. मीडचीही टक्केवारी मृतसाठ्याच्या वरची, म्हणजे ८९५ फुटांच्या वरची असते. पण ८९५ च्या खाली उतरलेलं पाणी हूवर धरणातून पुढे जाऊच शकत नाही, त्यामुळे उणेचा प्रश्न येत नाही. आणि त्याच्या बरंच आधी, ९५० फुटांवर, वीजनिर्मिती थांबते. पॉवेलचे हेच तीन आकडे असे: भरलेला ३,७००, विजेची किमान पातळी ३,४९० आणि मृतसाठा ३,३७० फूट. यातला ३,४९० सगळ्यात नाजूक. पाणी त्याच्या खाली गेलं की ग्लेन कॅनियन धरणातून फक्त खालच्या चार पाइपांतूनच सोडावं लागतं, आणि कमी पातळीवर ते दीर्घकाळ चालवणं धोक्याचं आहे.

यानंतर वर्षाचा ताळेबंद. पॉवेलमधून मीडकडे सोडायचं ठरलेलं जुनं परिमाण ८२.३ लाख एकर-फूट आहे. हा विचित्र आकडा येतो तो असा: खालच्या खोऱ्याचे ७५ लाख, मेक्सिकोच्या वाट्यातले निम्मे साडेसात लाख, आणि त्यातून धरणाच्या खाली येऊन मिळणाऱ्या परिया नदीचे २० हजार वजा. दिवसाला हे जवळपास एक टीएमसी पडतं. मधल्या ओढ्या-नद्यांचं धरून मीडमध्ये येतात सुमारे ९० लाख. खाली जातात ९६ लाख, बाष्पीभवनात ६ लाख. म्हणजे सगळं ‘नियमाप्रमाणे’ चाललं तरी दरसाल १२ लाखांची तूट, पातळीत बारा-पंधरा फूट. दुष्काळ नसला तरी मीड का उतरतो, याचं उत्तर हे. २०२२ मध्ये तर पॉवेल वाचवण्यासाठी विसर्ग ७० लाखांवर आणला होता.

हा ताळेबंद मांडताना वर्षं मिसळू नयेत. पॉवेलचा विसर्ग १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर या जलवर्षात मोजतात, खालच्या राज्यांची कपात जानेवारी ते डिसेंबर अशी. दोन तक्ते शेजारी ठेवून बेरीज केली की हमखास घोळ होतो.

कपात कधी लागते? ब्युरो दर महिन्याच्या मध्याला पुढच्या चोवीस महिन्यांचा अंदाज काढतं. त्यातला ऑगस्टचा अंक महत्त्वाचा. येत्या १ जानेवारीला मीडची पातळी १,०७५ किंवा खाली असेल असं त्यात दिसलं, तर पहिल्या पायरीची टंचाई जाहीर होते. १,०५० ला दुसरी, १,०२५ ला तिसरी. २०१९ च्या करारानंतर १,०९० पासूनच थोडी कपात सुरू होते. पहिली टंचाई ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाली आणि २०२२ साठी ॲरिझोनाचे ५ लाख १२ हजार एकर-फूट गेले, म्हणजे २२ टीएमसी. नेवाडाचे २१ हजार आणि मेक्सिकोचे ८० हजार. कॅलिफोर्नियाचं शून्य. फिनिक्स-टूसानकडे पाणी नेणाऱ्या ३३६ मैलांच्या कालव्याला मंजुरी मिळवताना ॲरिझोनाने १९६८ मध्ये पाण्याच्या रांगेत कॅलिफोर्नियाच्या मागे उभं राहणं कबूल केलं, त्याची ही किंमत. हे नियम २०२६ अखेरपर्यंतचे आहेत. पुढच्या वर्षांचे आकडे वाचताना तेव्हा लागू असलेल्या पायऱ्या आधी तपासाव्यात.

अंदाज वाचताना बर्फाच्या टक्केवारीवर विसंबू नये. २०२१ मध्ये डोंगरावर बर्फ सरासरीच्या फारसं खाली नव्हतं, पण पॉवेलमध्ये वर्षभराचा येवा सरासरीच्या जेमतेम एक तृतीयांश आला. आधीच्या कोरड्या उन्हाळ्याने तापलेली जमीन वितळलेलं पाणी पिऊन गेली. म्हणून बघायचा आकडा म्हणजे एप्रिल ते जुलैचा पॉवेलचा येवा, आणि अंदाजाच्या तीन ओळींपैकी ‘सर्वात संभाव्य’ सोबत ‘किमान संभाव्य’ ही ओळही.

शेवटचा खाचखळगा वापराच्या आकड्यात आहे. नेवाडा मीडमधून ३ लाखांपेक्षा जास्त पाणी उचलताना दिसतं आणि कुणीतरी चोरी म्हणून ओरडतं. पण लास वेगासमध्ये घराच्या आत वापरलेलं बहुतेक पाणी शुद्ध होऊन पुन्हा मीडमध्ये येतं, आणि तेवढं खात्यावर जमा होतं. हिशोब उचललेल्या पाण्याचा नाही, उचल वजा परतावा असा आहे. बागेच्या हिरवळीला घातलेलं परत येत नाही, म्हणून त्या शहराची सारी मोहीम हिरवळीविरुद्ध आहे, नळाविरुद्ध नाही. शेतीच्या कालव्यांचा आकडाही असाच निव्वळ वापराचा बघावा. कॅलिफोर्नियातल्या एकट्या इम्पीरियल खोऱ्याचा हक्क ३१ लाखांचा आहे, अख्ख्या नेवाडाच्या दहापट.