आजोबांच्या बॉक्स कॅमेऱ्यात पुन्हा रीळ कसं घालावं

जुना बॉक्स कॅमेरा हाती लागला की पहिला मोह होतो तो झाकण उघडून आत डोकावायचा. थांबा. आत रीळ असू शकतं, आणि त्यावर कुणीतरी टिपलेलं काहीतरी अजून शिल्लक असू शकतं. मागच्या लाल काचेतून कागद किंवा आकडा दिसतो का बघा. बाजूची रीळ गुंडाळायची किल्ली हलक्या हाताने फिरवा. ताण लागला आणि काचेतून कागद सरकताना दिसला, तर रीळ आहे. ते शेवटपर्यंत गुंडाळा, पूर्ण अंधारात बाहेर काढा, चिकटपट्टीने बांधा आणि ब्लॅक अँड व्हाइट डेव्हलप करणाऱ्याकडे ‘जुनं आहे’ असं सांगून द्या. कित्येक दशकं पडून राहिलेल्या रिळातूनही कधीकधी धूसर चेहरे निघतात.

पुढचं सगळं कोडॅकच्या नंबर २ ब्राउनीबद्दल, कारण आजोबांचा तोच आहे. हे मॉडेल १९०१ साली आलं आणि १२० नंबरचं रीळ त्याच्यासाठीच निघालं. ते आजही बनतं, म्हणून हा कॅमेरा आजही चालतो. तुमच्याकडच्या कॅमेऱ्यावर ६२० लिहिलं असेल तर मात्र १२० ची फिल्म अंधारात बारीक रिळावर गुंडाळून घ्यावी लागते.

साफसफाई कमीत कमी करा. धूळ ब्लोअरने आणि मऊ ब्रशने काढा. व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे चित्र बघायच्या खिडकीच्या, आरशांना कापड लावू नका, पारा निघून येतो. शटरमध्ये तेल तर अजिबात नको. आमच्या कॅमेऱ्याचा कातडी पट्टा तुटल्यावर आजोबांनी छत्रीच्या कापडाची घडी शिवून लावली होती. ती मी तशीच ठेवली आहे. नवा पट्टा मिळेल, पण ते वेडेवाकडे टाके कुठून आणणार?

आता तपासणी. रिकामा कॅमेरा अंधाऱ्या खोलीत न्या, आत छोटी टॉर्च ठेवून झाकण लावा आणि फटींतून उजेड येतो का बघा. येत असेल तिथे काळी टेप. लाल काचेवरही टेप लावाच. पूर्वीच्या फिल्मला लाल उजेड कळत नसे, आताच्या फिल्मला कळतो. रीळ पुढे सरकवतानाच ती टेप सावलीत उचलायची.

रीळ घालायला किल्ली बाहेर ओढून आतला सांगाडा काढा. रिकामं रीळ किल्लीच्या बाजूला, नवं समोरच्या. कागदाची काळी बाजू भिंगाकडे. टोक खाचेत अडकवून दोन वेढे द्या, बंद करा आणि काचेत १ येईपर्यंत फिरवा. एकूण ८ फोटो मिळतात.

फोटो काढताना कॅमेरा पोटाशी घट्ट धरा, श्वास रोखा. माणूस निदान दहा फुटांवर हवा. आपल्याकडच्या कडक उन्हात १०० किंवा १२५ आयएसओची (फिल्म उजेड किती पटकन टिपते त्याचा आकडा) फिल्म घाला आणि वरची पट्टी ओढून मधलं छिद्र घ्या. ढगाळ असेल तर मोठं. शटरचा खटका खाली केला तरी फोटो निघतो आणि वर केला तरी निघतो. म्हणून एका फोटोला एकदाच, आणि लगेच किल्ली.

व्ह्यूफाइंडरमध्ये डावं उजवीकडे दिसतं, त्यामुळे कॅमेरा सरळ करायला जावं तर तो आणखी कलतो. आमच्या जुन्या अल्बममध्ये अंगण, विहीर, लग्नाचा मांडव, सगळंच एका बाजूला कललेलं आहे आणि पोटाच्या उंचीवरून घेतल्यामुळे ठेंगण्या आत्याही चांगल्या उंच दिसतात. अल्बममधला कुठला फोटो आजोबांचा, हे मी त्या कलण्यावरून ओळखतो. माझेही आता तसेच येतात.

डेव्हलप करायला देताना फ्रेम कापू नका असं सांगा. पावसाळ्यात कॅमेरा कातडी केसमध्ये ठेवू नका, भिंगावर बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवा आणि महिन्यातून एकदा उघडून खटका चार वेळा वाजवा.