आल्याची कंदकूज: जिवाणूंचे द्रावण बांधावरच वाढवा

पावसाची झड लागली की सातारा आणि छत्रपती संभाजीनगर पट्ट्यातल्या आल्याच्या प्लॉटमध्ये कंदकूज दिसू लागते. ती आणणाऱ्या पिथियम या बुरशीसारख्या रोगकारकाचे बीजाणू साचलेल्या पाण्यातून पोहत शेजारच्या गड्ड्यापर्यंत जातात. पोहणाऱ्या या बीजाणूंना पेशीभित्तिका नसते आणि तिथेच ते कमजोर पडतात. सुडोमोनास फ्लुरोसन्स या जिवाणूच्या काही जाती साबणासारखी द्रव्ये, म्हणजे जैवसर्फॅक्टंट सोडतात. त्यांनी बीजाणूचे पातळ आवरण फुटते. बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जिवाणूच्या सर्फॅक्टिन या जैवसर्फॅक्टंटने तर पाण्याचा पृष्ठताण 72 वरून 27 मिलीन्यूटन प्रति मीटरपर्यंत उतरतो.

शुद्ध जैवसर्फॅक्टंट महाग पडते, कारण ते वेगळे काढून शुद्ध करण्यातच मोठा खर्च होतो. कच्च्या मालात बचत व्हावी म्हणून मळी (मोलॅसिस), पनीरचे निवळ पाणी, तळणाचे उरलेले तेल यांवर जिवाणू वाढवले जातात. आपल्याला शुद्धीकरण लागतच नाही, ड्रममधले द्रावण तसेच आळवणीला, म्हणजे झाडाच्या बुडाशी ओतायला, चालते. खरी बचत इथे आहे. मळीच्या मागे मात्र लागू नका, ती राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नियंत्रणात आहे. हलक्या प्रतीचा गूळ किंवा काकवी पुरेशी आहे.

200 लिटर स्वच्छ, क्लोरीन नसलेल्या पाण्यात 2 किलो गूळ विरघळवून 1 लिटर कल्चर, म्हणजे या जिवाणूंचे विरजण, सोडा. कल्चर कृषी विद्यापीठाचे किंवा कृषी विज्ञान केंद्राचेच घ्या. अनोळखी कल्चर नको: सुडोमोनासचीच एरुजिनोसा ही जात माणसाला आजारी पाडते. ड्रम सावलीत ठेवून तोंडाला कापड बांधा. या जिवाणूंना हवा भरपूर लागते, त्यामुळे दिवसातून दोनदा ढवळा. माशांच्या टाकीचा पंप लावला तर फारच उत्तम.

तीन-चार दिवसांनी प्लॅस्टिकच्या झाकणाला तेलाचे बोट फिरवा. त्यावर एक थेंब नुसत्या गूळपाण्याचा आणि एक ड्रममधल्या द्रावणाचा सोडा. गूळपाण्याचा थेंब फुगीर राहील. द्रावणाचा पसरून चपटा झाला तर सर्फॅक्टंट तयार झाले असे समजा. कुजका वास आला तर द्रावण सरळ टाकून द्या.

वाफसा असताना, संध्याकाळी, कापडाने गाळून आळवणी करा. न गाळता सोडले तर ड्रीपर चोंदतात. द्रावण साठवू नका. कॉपरयुक्त औषध किंवा स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक यांच्यासोबत देऊ नका, आठ-दहा दिवसांचे अंतर ठेवा. सडलेले गड्डे मातीसकट उचलून प्लॉटबाहेर न्या आणि सरीतले पाणी आधी काढा; पाणी तुंबलेल्या वाफ्यात या द्रावणाचा उपयोग होत नाही.