मधाची घरगुती परीक्षा: या चुका टाळा

थंडी पडू लागली की मधपाळांना येणाऱ्या तक्रारींत एक तक्रार हमखास असते: "मध गोठला, म्हणजे यात साखर आहे." या एका गैरसमजामुळे दरवर्षी कितीतरी चांगला मध मोरीत ओतला जातो.

मधात साधारणपणे 38 टक्के फ्रुक्टोज, 31 टक्के ग्लुकोज आणि 17 ते 20 टक्के पाणी असते. फुलोऱ्यानुसार हे प्रमाण कमीजास्त होते. एवढ्या थोड्या पाण्यात ग्लुकोज फार काळ विरघळलेले राहू शकत नाही, त्यामुळे हवा गार होताच ते कणांच्या रूपाने वेगळे होते. 14 अंश सेल्सिअसच्या आसपास ही क्रिया सर्वांत वेगाने घडते. मोहरीच्या किंवा सूर्यफुलाच्या मधात ग्लुकोज अधिक असल्याने तो काही आठवड्यांतच थिजतो. यातला एक कण जिभेवर ठेवून पाहावा. तो किंचित गारवा देत चटकन विरघळतो.

माझ्या नात्यातल्या एका गृहस्थांनी एका मधपाळाकडून सूर्यफुलाच्या मधाचा डबा घेतला होता. डिसेंबरात तो पांढरट आणि घट्ट झाला, तेव्हा त्यांनी त्या मधपाळाला फोनवर नको ते बोलून उरलेले पैसे देण्यास नकार दिला आणि "साखर वितळवून पाहू" म्हणून डबा सरळ गॅसवर चढवला. थोड्याच वेळात तळाचा मध तपकिरी झाला, घरभर करपलेल्या पाकाचा वास सुटला आणि फुलांचा सुगंध पार उडून गेला. वर पांढरी साय, खाली जळका थर असा तो डबा मी स्वतः पाहिला आहे. त्या मधात भेसळ नव्हती. मधमाश्यांनी त्यात घातलेली विकरे (एन्झाइम) तीव्र उष्णतेने नष्ट होतात. दोन मिनिटांचा धीर धरवत नाही, म्हणून महिनाभराचे श्रम असे जाळून टाकणे मला पाहवत नाही. माझ्याकडचा मध थिजला तर मी बाटली हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात ठेवतो आणि पाणी निवले की बदलतो. अनेकदा तर मी तो रवाळ मधच पोळीला लावून खातो, कारण तो ओघळत नाही.

दुसरी चूक घरगुती चाचण्यांची आहे. पाण्यात टाकलेला मध तळाशी जातो, कागदावर पसरत नाही, मधात बुडवलेली काडी पेटते, हे सारे घट्ट साखरेच्या पाकालाही साधते, कारण या चाचण्यांतून फार तर पाण्याचे प्रमाण कळते. ताटलीतल्या मधावर पाणी घालून हलवले की षट्कोनी नक्षी उमटते आणि ती पोळ्याची "स्मृती" असते, असे सांगणाऱ्या चित्रफिती तर आता प्रत्येक कुटुंबाच्या गटात फिरतात. तळाशी दाट द्रव आणि वर पाणी असताना हलवल्याने तो आकार येतो. त्यात मधमाशीचा काहीही संबंध नाही. कुत्रा मध खात नाही, शुद्ध मधाला मुंग्या लागत नाहीत, हेही निराधार आहे.

भेसळ ओळखणे खरोखर किती कठीण आहे, हे डिसेंबर 2020 मध्ये सर्वांसमोर आले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने 13 ब्रँडचे नमुने तपासले, तेव्हा त्यांतले बहुतेक नेहमीच्या चाचण्यांत उत्तीर्ण झाले होते. जर्मनीतल्या प्रयोगशाळेत एनएमआर (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स) ही मधातले घटक बारकाईने ओळखणारी तपासणी झाल्यावर मात्र 13 पैकी 3 च ब्रँड टिकले. जी भेसळ प्रयोगशाळेच्या साध्या चाचण्यांना चकवते, ती आगकाडीने सापडेल अशी अपेक्षा कशी करायची?

पातळ मध म्हणजे पाणी घातलेला मध, असेही समजू नये. आपल्या सातेरी या देशी मधमाशीच्या मधात मुळातच पाणी अधिक असते.

पाणी खरोखर जास्त राहते ते नव्या मधपाळांच्या घाईमुळे. फुलातला मकरंद फार पाणीदार असतो; माश्या पंखांनी वारा घालून तो आटवतात आणि पुरेसा घट्ट झाल्यावरच कप्प्यावर मेणाचे झाकण लावतात. मधपेटीतल्या पोळ्याच्या चौकटीतले बहुतेक कप्पे झाकलेले नसतील, तर मी ती मध काढण्याच्या यंत्रात घालत नाही. घाईने काढलेला मध पावसाळ्यात फसफसतो आणि आंबट होतो. बाटलीत ओला चमचा घातल्यानेही हेच घडते.

मध फ्रीजमध्ये ठेवू नये. झाकण घट्ट लावून फडताळात ठेवावा.

नवजात बाळाला मध चाटवण्याची प्रथा मात्र पूर्णपणे थांबवावी. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात; मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि त्याने स्नायू लुळे पडतात. मध शुद्ध असला किंवा घरी गरम केला, तरी हा धोका टळत नाही. बाळ एक वर्षाचे होईपर्यंत गुटीत किंवा दुधात मधाचा थेंबही घालू नये.