डॉकस्ट्रिंग लिहूनही पानावर येत नव्हती

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्यासाठी मी सुताचा हिशोब करणारा पायथन प्रोग्राम सांभाळतो. नवीन मुलाला समजावं म्हणून प्रत्येक फंक्शनला डॉकस्ट्रिंग, म्हणजे कोडमध्येच फंक्शनची माहिती देणारा मजकूर, लिहिली: ताण्याचं वजन किलोत, पन्हा इंचात, सुताचा काउंट (जाडी-बारीकपणाचा आकडा). डॉकस्ट्रिंगमधून माहितीची पानं बनवणारं स्फिंक्स चालवलं, तर नेमकी वजनाची तीन फंक्शनं पानावरून गायब! एररही नाही.

दोन दिवस स्फिंक्सची सेटिंगची फाइल, कॉन्फ डॉट पीवाय, उलटसुलट केली. पाथ बरोबर, डॉकस्ट्रिंग उचलणारा स्फिंक्सचा भाग, ऑटोडॉक, चालू. शेवटी पायथन उघडून त्या फंक्शनवर हेल्प, म्हणजे माहिती दाखवणारी कमांड, मारलं. नाव आलं ‘रॅपर’, खाली मजकूर कोरा. तिथेच उलगडलं. तिन्हींवर मी लॉग ठेवणारा डेकोरेटर, म्हणजे फंक्शनभोवती जादा काम गुंडाळणारा कोड, लावला होता. डेकोरेटर आतलं नवं फंक्शन परत देतो, त्यामुळे मूळ नाव आणि डॉकस्ट्रिंग झाकली जाते. ऑटोडॉक मोड्यूल इम्पोर्ट करून वाचतं आणि डॉकस्ट्रिंग नसलेलं फंक्शन एरवी गाळतं.

उपाय एका ओळीचा: डेकोरेटरच्या आतल्या फंक्शनवर पायथनच्याच फंकटूल्समधलं रॅप्स लावलं; ते मूळ नाव आणि डॉकस्ट्रिंग नव्या फंक्शनवर उतरवतं. बिल्ड फोल्डर पुसून पुन्हा चालवलं, तिन्ही आली. पन्ह्याचं एकक स्पष्ट दिसतंय, याचं मला फार समाधान आहे. इंच-सेंटिमीटरच्या गफलतीत सूत वाया जातं. आता नवीन डेकोरेटर लिहिला की आधी हेल्प मारून बघतो.