झेन बागेची वुडब्लॉक प्रिंट करताय? या चुका टाळा

मोकुहांगा, म्हणजे लाकडी ठोकळ्यांवर (ब्लॉकवर) चित्र कोरून ते पाण्यात कालवलेल्या रंगांनी आणि नुसत्या हाताच्या दाबाने छापायची जपानी पद्धत, शिकायला येणाऱ्या बहुतेकांना पहिल्याच प्रिंटमध्ये क्योटोच्या रियोआन-जी या झेन देवळातली बाग हवी असते. चित्र सोपं वाटतं. १५ दगड, त्यांच्या पायाशी शेवाळ, मागे मातीची बुटकी भिंत आणि बाकी सगळी दंताळ्याने ओढलेली पांढरी खडी. तीन ब्लॉकांत काम संपेल असा हिशोब असतो. पण ती मोकळी खडीच छापायला सर्वांत कठीण, आणि माझ्यापुढे येणाऱ्या बिघडलेल्या प्रिंट्स बहुधा तिथेच बिघडलेल्या असतात.

रंग सरकला की केंतो तासणं

ही चूक मी स्वतः पुरती भोगली आहे. केंतो म्हणजे ब्लॉकच्या कडेला कोरलेल्या दोन खाचा, एक कोपऱ्याची आणि एक सरळ. प्रत्येक रंगाच्या ब्लॉकवर कागद याच दोन खाचांना टेकवायचा, म्हणजे रंगावर रंग नेमका बसतो.

एका मे महिन्यात, पुण्यात, ३० कागद आणि ७ ब्लॉक घेऊन बसले होते. सकाळी पहिले तीन रंग चोख बसले. दुपारी शेवाळाचा हिरवा दगडाच्या रेघेबाहेर डोकावायला लागला. मी पटाशीने केंतोची खाच केसभर मागे नेली. पाच-सहा कागद बरे निघाले, मग रंग परत सरकला. परत खाच तासली. मग दुसऱ्या ब्लॉकची, मग तिसऱ्याची. संध्याकाळी उरलेल्या कागदांवर पाणी फिरवून गठ्ठा झाकून ठेवला. सकाळी छापायला घेतलं तर हिरवा विरुद्ध बाजूला गेलेला. केंतो पहिल्यापासून बरोबर होता. पंख्याखाली कागद सुकत होता आणि सुकता सुकता आक्रसत होता. तिन्ही ब्लॉकांच्या खाचांत लाकडाच्या चिपा चिकटवून त्या नव्याने कोराव्या लागल्या. ३० पैकी ९ कागद हाती आले.

तेव्हापासून रंग सरकला की मी आधी तो कुठे सरकलाय ते बघते. खाचेजवळ रंग बरोबर आणि लांबच्या टोकाला चुकलेला, तर कागद आक्रसलाय किंवा फुगलाय. सगळीकडे सारखाच सरकला असेल तर खाच चुकली, नाहीतर कागद टेकवताना हात चुकला. पहिल्या प्रकारात पटाशी उचलायचीच नाही.

कागद मी आदल्या रात्री भिजवते. रुंद ब्रशने पाणी फिरवायचं, गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा, वर फळी ठेवायची. ओल रात्रभर सगळीकडे सारखी पसरते. अर्ध्या तासात भिजवून छापायला बसणाऱ्यांच्या कागदात एका कोपऱ्यात तळं आणि दुसरीकडे दुष्काळ असतो. सकाळी कागदाला हाताची मागची बाजू लावून बघा. गार लागला पाहिजे, चकाकता कामा नये. छापताना एक कागद बाहेर, बाकीचे प्लॅस्टिकमध्ये, आणि पंखा बंद. उकडतं, तरीही बंद. पावसाळ्यात मात्र ओला गठ्ठा दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो, कारण कागदावर सरसाचा लेप असतो. तेव्हा लागतील तेवढेच कागद भिजवा, किंवा गठ्ठा फ्रीजमध्ये ठेवा.

खडीची प्रत्येक रेघ काळी कोरणं

रियोआन-जीत दंताळ्याच्या रेघा बागेच्या लांबीला समांतर जातात आणि दगडांच्या गटांभोवती गोल वळतात. नवखा माणूस फोटोवरून त्या सगळ्या मुख्य ब्लॉकवर उतरवतो, दगडाच्या रेघेइतक्याच जाड आणि तितक्याच काळ्या. दोन आठवडे कोरून जे छापून निघतं ते नांगरलेलं शेत असतं. दगडांचं वजन जातं, नजर कुठेच थांबत नाही. एवढे कष्ट वाया गेलेले पाहून मला खरंच वाईट वाटतं.

खडीचा पांढरा म्हणजे कागदाचा पांढरा. त्याला जितकं कमी छेडाल तितकं चांगलं. कियोशी साइतो (१९०७–१९९७) यांनी क्योटोची देवळं आणि बागा छापताना लाकडाच्या अंगच्या रेषाच चित्रात आणल्या, सपाट जागेला त्यांनी जीव येतो. त्यांच्या प्रिंट्स नीट बघा, किती गोष्टी त्यांनी काढायच्या टाळल्यात ते कळेल.

मी खडीच्या रेघांचा वेगळा ब्लॉक कोरते आणि तो रंगाशिवाय छापते. याला काराझुरी म्हणतात. ओलसर कागद कोरड्या ब्लॉकवर ठेवून तळव्याने जोर देऊन दाबायचा, रेघा कागदातच उठतात. बाजूने उजेड पडला की खडी दिसते, समोरून पाहिलं की विरते. हे सगळ्यात शेवटी करा, नाहीतर पुढचे रंग छापताना उठाव बसतो.

त्याखाली फिका करडा द्यायचा असेल तर रंगात मिसळायची खळ अगदी कमी घ्या आणि बारेन, म्हणजे दाबायची गोल चकती, हलकी फिरवा. तिळासारखे ठिपके उमटतात. दगडावर असे ठिपके आले तर तो दोष आहे, खडीवर तेच हवेत.

मोकळ्या जागेत काळे डाग पडत असतील तर कोरलेली जागा उथळ राहिलीय. कागद तिथे झोळ खाऊन खाली टेकतो आणि ब्रशचा सांडलेला रंग उचलतो. रेघेपासून जितकं लांब जाल तितकं खोल कोरा, आणि कागद ठेवण्याआधी दर वेळी फडक्याने ती जागा पुसा.

बाकीच्या

चित्र उलटं कोरायचं विसरणं. रियोआन-जीत देवळाच्या ओसरीवरून पाहताना पाच दगडांचा मोठा गट डावीकडे असतो, तुमच्या प्रिंटमध्ये तो उजवीकडे गेला की ती बाग पाहिलेल्या माणसाला लगेच खटकतं.

ओसरीवरचं दृश्य म्हणून १५ च्या १५ दगड काढणं. तिथे बसल्या जागेवरून एक तरी दगड दुसऱ्याआड राहतो.

पुण्याच्या पु. ल. देशपांडे उद्यानाचं रेखाटन करून खाली ‘झेन गार्डन’ लिहिणं. ते उद्यान ओकायामाच्या कोराकुएनवरून केलेलं आहे, आणि कोराकुएन ही १७०० साली पुरी झालेली, तिथल्या सरदाराची फिरायची बाग आहे. तिच्यात तळं आहे, हिरवळ आहे. जरूर छापा, फार सुंदर विषय आहे, पण नाव खरं द्या.

लेझरने ब्लॉक कापून घेणं. मला हे पटत नाही. सुरीने कोरताना रेघेच्या दोन्ही बाजूंना उतार ठेवता येतो, रेघ पायाशी रुंद राहते आणि दाब सोसते. शिवाय हाताने कोरलं नाही तर लाकूड कुठे तुटतं हे कधीच कळत नाही.

ड्रॉइंगचा कागद वापरणं. सात-आठदा ओला घासला की त्याचा पापुद्रा निघतो. कागदी तुतीच्या लांब धाग्यांचा कोझो घ्या.

सरसाच्या लेपात अंदाजाने तुरटी ओतणं. जास्त झाली तर काही वर्षांत कागद ठिसूळ होतो.

बारेनऐवजी चमचा. छोट्या रेघेला चालेल, आकाशाला नाही.

आकाशाची उतरती छटा एका दमात काढायला जाणं. पातळ रंगाचे दोन-तीन हात द्या.

आणि इस्त्री. प्रिंट सपाट करायच्या घाईत लोक ती फिरवतात आणि काराझुरीचा सगळा उठाव मिनिटात झोपतो. माझ्या प्रिंट्स दोन जाड टिपकागदांमध्ये पडून असतात, टिपकागद रोज बदलते, उठाव असेल तर वर फळीसुद्धा ठेवत नाही. चार-पाच दिवस लागतात. पेन्सिलीने सही त्यानंतरच.