जिल्ह्याच्या गावात भरलेलं चित्रप्रदर्शन कसं शोधायचं, कसं बघायचं

चित्रप्रदर्शन म्हटलं की लोकांना डायरेक्ट मुंबईच आठवते, तिथली जहांगीर आर्ट गॅलरी आठवते, मग "कधी मुंबईला गेलो तर बघू" असं म्हणून विषय तिथेच संपतो. पण कोल्हापूर, सातारा, पुणे, नाशिक, नागपूर इथेसुद्धा प्रदर्शनं भरत असतात, बहुतेक वेळा एंट्री फुकट असते, आणि आत जाऊन बघावं तर चित्रकार, त्याच्या घरचे आणि दोन-चार मित्र एवढेच. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण त्याच गावात चित्रं आवडणारी माणसं भरपूर असतात, त्यांच्यापर्यंत बातमीच पोचलेली नसते. म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात पहिली अडचण म्हणजे कळायचं कसं. ही प्रदर्शनं तीन दिवस, पाच दिवस, फार तर आठवडाभर असतात, पेपरात फोटो येतो तो उद्घाटनाचा आणि तोही दुसऱ्या दिवशी, तोवर निम्मे दिवस गेलेले असतात. गूगलवर शोधून मुंबईचं मिळतं, जिल्ह्याच्या ठिकाणचं क्वचितच. त्यापेक्षा तीन जागा धरून ठेवा. एक, गावातलं आर्ट मटेरियलचं दुकान आणि चांगला फ्रेमवाला. प्रदर्शनाच्या आधी पंधरा-वीस फ्रेमा करायला चित्रकाराला त्याच्याकडे जावंच लागतं, त्यामुळे कोणाचं काय येतंय हे त्याला महिनाभर आधी माहीत असतं आणि निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठासुद्धा त्याच्याच काउंटरवर पडलेला असतो. दोन, चित्रकला महाविद्यालयाचा नोटीस बोर्ड किंवा शाळेतले ड्रॉइंगचे सर, हे लोक एकमेकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असतात, तुमचा नंबर ॲड करा म्हटलं तर आनंदाने करतात. तीन, पेपरच्या शहर पुरवणीतला "आजचे कार्यक्रम" वाला छोटा कॉलम, जो आपण कधी वाचत नाही. इन्स्टावर हॉलचं पेज असेल तर फॉलो करा पण त्याच्यावर विसंबू नका, कारण पोस्ट बऱ्याचदा चित्रकार स्वतःच टाकतो, हॉलवाले टाकतीलच असं नाही.

आता सीझन. ऑक्टोबर ते मार्च हा मुख्य काळ, पावसाळ्यात लहान गावात कमी होतं. कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येतात आणि ती अजिबात चुकवू नका, कारण तिथे काही विकायचं टेन्शन नसतं, मुलं वाट्टेल ते करून बघतात. कला संचालनालयाचं महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन दरवर्षी असतं, त्याचा विद्यार्थी विभाग वेगवेगळ्या शहरांत फिरतो, तुमच्या शहरात आला तर सुट्टी टाकून जा. आणि म्युझियमवाल्यांच्या दोन तारखा लक्षात ठेवा, 18 मे हा जागतिक संग्रहालय दिन आणि 19 ते 25 नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह, या दिवसांत सरकारी संग्रहालयं काहीतरी खास मांडण्याची शक्यता जास्त असते.

आता माझा मुख्य मुद्दा. नुसतं चालू प्रदर्शन बघून परत येऊ नका. त्याच गावात जुन्या चित्रांचा संग्रह असेल तर दोन्ही एकाच दिवशी बघा, आधी जुनं मग नवं. असं केलं की नव्या चित्रातलं कितीतरी जास्त दिसायला लागतं, कोण कुठून आलाय, कोणी काय सोडून दिलंय, काय अजून धरून ठेवलंय हे कोणी न सांगता कळतं.

कोल्हापूर यासाठी एक नंबर जागा आहे. सीपीआर हॉस्पिटलजवळचा टाऊन हॉल, 1872 ते 1876 मध्ये बांधलेली, मेजर मांट या आर्किटेक्टची इमारत, त्यात संग्रहालय आहे. बहुतेक लोक तिथे कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती बघायला जातात, ती बघाच, पण नंतर चित्रांच्या दालनात निवांत वेळ काढा. आबालाल रहिमान, दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर या मंडळींनी कोल्हापुरात चित्रकलेची जी परंपरा उभी केली ती इथे समोर असते. आबालाल मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले, शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार होते, आणि रंकाळा, कोटीतीर्थ ही तळी, आजूबाजूची झाडं-पाणी हे त्यांनी आयुष्यभर रंगवलं, 1931 ला गेले. बाबूराव पेंटर आपल्याला सिनेमामुळे माहीत असतात, पण त्याआधी ते नाटकाचे पडदे रंगवायचे आणि शिल्पंही करायचे. हे सगळं बघून झालं की चालत दसरा चौकात शाहू स्मारक भवनात या, पाच-दहा मिनिटं लागतात, तिथल्या कलादालनात बऱ्याचदा काहीतरी भरलेलं असतं. कलानिकेतन किंवा दळवीज आर्ट या इथल्या कला महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या एखाद्या पोराने रंकाळ्याचं जलरंगातलं चित्र लावलेलं असेल तर तुमच्या लक्षात येईल की हे तळं इथले चित्रकार शंभर वर्षं रंगवतायत आणि तरी प्रत्येकाचं पाणी वेगळं आहे. वेळ उरला तर राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय, सिनेमातले नट म्हणून गाजलेले चंद्रकांत हे चित्रकारही होते, आणि त्यांनी पावडर शेडिंगमध्ये केलेली चित्रं बघण्यासारखी आहेत, नुसती कोरडी रंगाची पूड कागदावर चोळून एवढं हळुवार काम होतं हे बघितल्याशिवाय पटत नाही. जानेवारीच्या सुमाराला गेलात तर रंगबहार संस्थेची "मैफल रंगसुरांची" कधी आहे ते विचारा, टाऊन हॉलच्या बागेत चित्रकार सगळ्यांसमोर बसून चित्रं काढतात आणि शेजारी गाणं चालू असतं. चित्र पूर्ण झालेलं आपण नेहमी बघतो, होताना बघायला मिळत नाही, ते इथे मिळतं.

दुसरी जागा औंध, आपलं सातारा जिल्ह्यातलं खटाव तालुक्यातलं औंध. पुण्याच्या औंधमुळे घोळ होतो म्हणून सांगतो. बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे तिथले राजे, स्वतः चित्रकार, त्यांनी यमाईच्या डोंगरावर 1938 मध्ये संग्रहालय बांधलं. एवढ्याशा संस्थानात राजा रविवर्माची चित्रं आहेत, चित्रकार धुरंधर आहेत, आणि चक्क इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचं आई आणि मूल हे दगडी शिल्पसुद्धा आहे. मुंबई-पुण्याच्या गर्दीत रविवर्मा कधी इतक्या जवळून आणि इतक्या शांतपणे बघायला मिळणार नाही. रहिमतपूरवरून एसटी आहे, पण निघायच्या आधी फोन करून चालू आहे का विचारा, कारण सरकारी संग्रहालयं सहसा सोमवारी आणि सरकारी सुट्टीला बंद असतात आणि दुरुस्तीची कामं निघाली की काही दालनं महिनोन्महिने बंद राहतात. औंध बघून मग साताऱ्यात किंवा पुण्यात चालू असलेलं व्यक्तिचित्रांचं प्रदर्शन बघा. रविवर्माच्या साडीच्या काठावरची जरतार जवळून बघितली तर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचे नुसते ठिपके असतात, चार पावलं मागे आलं की जरतार दिसते. आजचा पोर्ट्रेट करणारा हे कुठे करतो आणि कुठे मुद्दाम अर्धवट सोडतो ते शोधत बसा, तास कसा जातो कळत नाही.

पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरातलं कलादालन आणि घोले रोडवरचं महापालिकेचं राजा रविवर्मा कलादालन, ही दोन ठिकाणं धरून ठेवा, शिवाय नाटकाच्या आधी अर्धा तास लवकर गेलात तर बालगंधर्वचं प्रदर्शन आपसूक होतं. नाशिकला कुसुमाग्रज स्मारक. नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राची गॅलरी, आणि जोडीला 1863 चा अजब बंगला, म्हणजे तिथलं जुनं संग्रहालय. गोव्यात गेलात तर एक सकाळ बीच सोडून पिळर्णला म्युझियम ऑफ गोवाला द्या, आणि पणजीत आल्तिनोवर सुनापरांत हे कला केंद्र.

मुंबईचं थोडक्यात सांगतो. जहांगीर 1952 पासून आहे, 11 ते 7, फुकट, आणि तिथली प्रदर्शनं साधारणपणे मंगळवारी बदलतात आणि सोमवारी संपतात. आतल्या हॉलमध्ये वेगवेगळे चित्रकार असतात, एक बघून बाहेर पडू नका, सगळे हॉल करा, बाहेर फुटपाथवर बसलेले चित्रकार पण बघा. समोर रस्ता ओलांडला की एनजीएमए, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, बाजूला छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. एका दिवसात तिन्ही करायचा हट्ट करू नका, डोळे दमतात, दोन पुरे.

आता बघायचं कसं. आत गेल्यावर पहिल्या चित्रापासून रांगेत सुरू करू नका. आधी एक चक्कर भरभर मारा, कुठेही थांबायचं नाही, मग ज्या दोन-तीन चित्रांनी पाय अडकवला तिथे परत या आणि प्रत्येकासमोर पाच मिनिटं उभे राहा. पाच मिनिटं खूप वाटतात पण खरी गंमत तिसऱ्या मिनिटानंतर सुरू होते. जलरंग असेल तर पांढरं कुठे आहे ते शोधा. चांगल्या जलरंगात पाण्यावरची चमक हा बहुतेक वेळा रंग नसतो, तो कोरा ठेवलेला कागद असतो, म्हणजे चित्रकाराला ती जागा सुरुवातीलाच ठरवून शेवटपर्यंत सांभाळावी लागते. रंगाखाली पेन्सिलची रेघ दिसते का बघा, रेघ एकीकडे आणि ब्रश दुसरीकडे गेलेला असेल तर तिथे त्याने मन बदललंय. तैलरंग किंवा ॲक्रिलिक असेल तर बाजूने बघा, भिंतीला जवळजवळ गाल लावून, मग रंगाचे थर, नाइफचे (रंग लावायच्या बोथट सुरीचे) फटके सगळं दिसतं. अमूर्त चित्र, म्हणजे ज्यात ओळखीची वस्तू दिसत नाही असं, असेल तर "हे काय आहे" हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा आणि कुठला रंग कुठल्या रंगाच्या वर आलाय एवढंच शोधा. नागपूरला जन्मलेले अमूर्त चित्रकार गायतोंडे रोलरने रंग चढवायचे, काढायचे, पुन्हा चढवायचे, त्यांच्या चित्रात तो खालचा रंगच आतून उजेड दिल्यासारखा वर येतो, आणि हे एकदा डोळ्याला कळलं की पुढचं अमूर्त चित्र परकं वाटत नाही.

पोरांना बरोबर न्या. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणारं पोर असेल तर फारच छान, त्याला फक्त सावल्या बघायला सांगा, वस्तूची सावली काळी आहे की निळी-जांभळी आहे. क्लासमध्ये महिनाभर सांगून जे डोक्यात शिरत नाही ते एका चांगल्या स्थिरचित्रासमोर शिरतं.

कधी जायचं हे पण महत्त्वाचं आहे. उद्घाटनाच्या संध्याकाळी भाषणं, हार, फोटो, चित्र दिसत नाही. शेवटच्या दिवशी दुपारनंतर चित्रं उतरवायला सुरुवात होते. मधल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला जा, चित्रकार एकटा खुर्चीत बसलेला असतो आणि कोणीतरी बोलेल याची वाट बघत असतो. त्याला "याचा अर्थ काय" असं विचारू नका, "सुरुवात कुठून केली", "हा रंग आधी आला की नंतर", "थांबायचं कधी ठरवलं" असं विचारा, मग बघा कसा खुलतो. त्यातले कितीतरी जण शाळेत नोकरी करून रात्री जागून चित्रं काढतात, हॉलचं भाडं, फ्रेमा, गाडीभाडं खिशातून भरतात. अभिप्राय वहीत नुसतं "खूप छान" लिहू नका, कुठलं चित्र आणि त्यातलं काय आवडलं ते लिहा, चित्रकार ती वही घरी जाऊन पुन्हा पुन्हा वाचतात. फोटो काढायचा तर विचारून, फ्लॅश बंद.

आणि किंमत विचारायला लाजू नका. किंमत विचारली म्हणजे घेतलंच पाहिजे असं कोणी धरत नाही. डेस्कवर प्राइस लिस्ट असते, चित्राच्या लेबलवर लाल टिकली असेल तर ते विकलं गेलंय. विद्यार्थ्यांची आणि नवीन लोकांची छोटी जलरंगातली कामं पुष्कळदा आपल्याला परवडतील अशा किमतीत असतात, लग्नाच्या आहेराला आपण जे घड्याळ देतो त्याऐवजी हे देता येतं. घेताना तीन गोष्टी विचारा, फ्रेम किमतीत धरली आहे का, सही कुठे आहे, आणि माध्यम व वर्ष लिहून बिल मिळेल का. चित्र बहुतेक वेळा प्रदर्शन संपल्यावरच हातात मिळतं, त्याआधी ते भिंतीवरून काढत नाहीत. कागदावरचं काम असेल तर काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच, नाहीतर कागद काचेला चिकटतो, आणि कोकणात किंवा पावसाळी भागात राहत असाल तर बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नका, आतल्या भिंतीवर, थेट ऊन येणार नाही अशा जागी लावा.